तीन रूळ आणि एक पट्टा

हिवरखेडी, ता. मंठा
६ जुलै २०२५

ती. मामांस अर्पिताचा नमस्कार.

पत्र बघून हसू नका. माझा फोन पप्पांनी काढून घेतला आहे आणि आईचा फोन आता त्यांच्याच खिशात असतो. तातेराव टेम्पोवाले मंठ्याला बियाण्याच्या बॅगा उतरवून आमच्या फाट्यावरूनच जालन्याला परततात, म्हणून त्यांच्या हाती देते आहे. ते तुमच्या दुकानासमोरच गाडी लावतात ना?

झालं असं की मागच्या रविवारी सकाळी मी रोजच्यासारखी मंठा रोडवर सायकल चालवत होते. अंगात रेसिंगची चड्डी होती, सगळे घालतात तीच. मोटारसायकलवरच्या कोणीतरी मागून व्हिडिओ काढला आणि टाकला. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. पप्पा पारावर बसले होते, तिथेच त्यांना कोणीतरी दाखवला. घरी येऊन ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा फोन मागितला, सायकलला कुलूप लावलं आणि जेवायला बसले. जेवताना एवढंच म्हणाले, "आजपासून रोड बंद."

मामा, नऊ नोव्हेंबरला संभाजीनगरला सायकलिंगच्या निवासी केंद्राची निवड चाचणी आहे. अठराच्या आतल्या मुलींची. मला जानेवारीत अठरा पूर्ण होतात, म्हणजे माझ्यासाठी ही पहिली आणि शेवटची. निवड झाली तर राहणं, खाणं, कॉलेज, कोच, सगळं तिथंच. नाही झाली तर पुढे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. माझी अठरा वर्षं पप्पांनीही मोजून ठेवली आहेत, वेगळ्या कामासाठी.

रोडवर जाता येत नसलं तरी घरात सायकल चालवता येते. फोन होता तेव्हा मी बघितलं होतं. लोखंडी चौकटीत तीन रूळ बसवायचे, दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या. वर सायकल ठेवून चालवायची. ती जागची हलत नाही, पण पाय खरे चालतात आणि तोलही खरा सांभाळावा लागतो. विकतचं आपल्याला झेपणार नाही. तुम्ही वेल्डिंग करता, ग्रिल करता, हे कराल का? कापूस येईपर्यंत आमची मागची खोली रिकामीच असते. चित्र काढून सोबत पाठवते आहे.

आई म्हणते, "कल्याणला सांगून राह्यलीस खरी, पण त्यो आज येतो म्हणला तर चार दिवसांनी चूल पेटवावी." तुम्ही कबूल केलेल्या गेटाला म्हणे तीन वर्षं झाली. हे मी नाही म्हणत, आई म्हणते.

तुमची
अर्पिता

---

नवीन जालना
११ जुलै २०२५

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तातेरावनं ते बनियनच्या आत ठेवून आणलं, त्यामुळे अर्धी अक्षरं घामात गेली. तुझी मामी वाचून आधी रडली आणि मग त्या मोटारसायकलवाल्याला तिनं अशा शिव्या दिल्या की मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

आधी गेटाचं. आक्काला म्हणावं, विसरलो नाही. गिऱ्हाइकाचं आधी आणि घरचं मागून, हा आमच्या धंद्याचा कायदाच आहे.

आता रुळांचं. चित्र बरं काढलंस, फक्त सायकल म्हशीसारखी दिसते. काम अवघड वाटत नाही. बोअरवेलचा केसिंग पाइप कापून रूळ होतील, भंगारात बेअरिंग मिळतील, चौकटीला अँगल माझ्याकडे पडूनच आहे. तुझं चित्र बघून मला तो सायकलवाला आठवला. आमच्या लहानपणी मंठ्याच्या चौकात यायचा. आठ दिवस सायकलवरून खाली उतरायचा नाही. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळ सायकलवर, आणि चौकातल्या चौकात गोल गोल. लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. आक्का आणि मी त्याला सात दिवस बघितला. गडी कुठंच जात नव्हता आणि तरी सगळा गाव त्याच्या मागे होता. तुझंही तसंच होणार, फक्त नोटा कोणी टाचणार नाही.

मला एक माप पाठव. पुढच्या चाकाच्या मधल्या नटापासून मागच्या चाकाच्या मधल्या नटापर्यंत. टेपनं मोज. दोरीनं मोजशील तर दोरी ताणली जाते आणि मग माझ्या नावानं बोंब.

दाजींना मी दुकानातून फोन केला. वाटलं होतं डोकं खातील. पण लगेच म्हणाले, "घरातल्या घरात करून राह्यली तर आपलं काय जातंय? बिलकुल करा. खर्चा बी मी देतो." माणूस आपल्याला वाटतो तेवढा कडक नाही.

तुझा
कल्याणमामा

---

हिवरखेडी
१५ जुलै २०२५

ती. मामांस नमस्कार.

माप एकोणचाळीस इंच आणि वर एक बारीक रेघ. टेपनंच मोजलं आहे.

पप्पा लगेच हो म्हणाले, याचाच मला धाक वाटतो. सायकलचं कुलूप काढून किल्ली त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. आई ओट्यावर उभी होती. त्यांची पाठ वळल्यावर तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आजारी माणसाच्या फिरवतात तसा.

अर्पिता

---

हिवरखेडी
१२ ऑगस्ट २०२५

ती. मामांस नमस्कार.

राखीला तुम्ही रूळ घेऊन आलात, त्या दिवशी सगळं किती सोपं वाटलं होतं. तुम्ही मागून सीट धरून उभे होतात आणि मी चालवत होते. तुम्ही म्हणालात, "झालं, शिकली पोरगी," आणि पुरणपोळी खाऊन गेलात.

तुम्ही गेल्यापासून मी नुसती पडते आहे. तुमचा हात होता म्हणून सायकल उभी होती, हे आता कळतं. दाराच्या चौकटीला धरून बसते, पायडल मारते, हात सोडला की पाचव्या सहाव्या फेऱ्याला सायकल आडवी. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आईनं दोन्ही बाजूंना गोधड्या आणि रिकामी पोती अंथरून ठेवली आहेत. शिवाय पाइप आतून धडधडतो, सगळी खोली हलते. पप्पा दारातून बघून म्हणाले, "जागच्या जागी बी पडतीस, मंग रोडवर काय करत होतीस?"

मामा, पुढचं चाक फिरतच नाही. ते रुळावर नुसतं उभं असतं. मागचं पळतं आणि पुढचं झोपलेलं. हे असंच असतं का?

कोपर सोलून निघालं आहे म्हणून अक्षर वाकडं आहे. तीनच महिने राहिले.

अर्पिता

---

नवीन जालना
२१ ऑगस्ट २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

चूक माझी. मी विचार केला, पायडल मागच्या चाकाला, मग पुढचं कशाला फिरवायचं? मस्तगडला जिथून तुझी सायकल घेतली होती त्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानवाला इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. म्हणाला, उभ्या चाकावर कोण तोल सांभाळील? रस्त्यावर दोन्ही चाकं फिरतात म्हणून तर माणूस पडत नाही. तुझ्या चित्रात मधल्या रुळापासून पुढच्या रुळापर्यंत दोन रेघा होत्या, त्या मी चौकटीच्या समजलो. तो पट्टा होता.

बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा मिळाला, तो उभा चिरून अरुंद केला. आता मागचं चाक मधला रूळ फिरवील, मधला रूळ पट्ट्यानं पुढचा रूळ ओढील आणि पुढचं चाक फिरायला लागेल. पाइपचं दुसरं दुखणं. पाइप गोल दिसतो पण गोल नसतो. तातेराव तुझ्याकडून परत घेऊन आला ते तिन्ही रूळ शेजारच्या राजानंदकडून लेथवर फिरवून घेतले. दोन्ही कडांना चिकटपट्टीचे वेढे दिलेत. चाक कडेला गेलं की आवाज बदलेल, तेव्हा मधे ये. खाली बघू नको, समोर बघ. हे सायकलवाल्यानं सांगितलं आहे, माझं नाही, त्यामुळे विश्वास ठेवायला हरकत नाही.

तातेरावबरोबर सगळं पाठवतो आहे. पडलीस तर शिव्या मला दे, पण चालव.

कल्याणमामा

---

हिवरखेडी
१४ सप्टेंबर २०२५

ती. मामांस नमस्कार.

जमलं. गणपतीतल्या मंगळवारी जमलं. चौकटीला हात धरून सुरुवात केली आणि थोड्या वेळानं बघते तर दोन्ही हात हँडलवर. चौकट कधी सोडली ते कळलंच नाही. तिन्ही रूळ एका सुरात घुमत होते. रूळ फिरायला लागले की बाहेरचं काही ऐकू येत नाही, ना पप्पांचा आवाज, ना टीव्हीचा. कडेचा सूर लागला की मी मधे येते. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि बघत राहिली. म्हणाली, "पाय तुझे चालून राह्यले आन् दम मला लागून राह्यला." तिला इतकं हसताना मी फार दिवसांनी बघितलं.

इथपर्यंत चांगलं आहे. पुढचं लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

पप्पा आता माणसं आणतात. आधी चुलते आले, मग सोसायटीतली मंडळी, आणि गेल्या रविवारी परतूरकडचे पाहुणे. मला पंजाबी ड्रेस घालून सायकलवर बसवलं. पप्पा त्यांना सांगत होते, "रोज पन्नास किलोमीटर जाती पोरगी, पण उंबरा वलांडत न्हाई." सगळे हसले. त्यांच्यातली एक बाई माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "चांगलंय की. लग्नानंतर बी अंग सुटायचं न्हाई." मामा, तेव्हा मी रुळांवर होते. एकदम थांबलं की पडते, म्हणून चालवत राहिले. त्यांचा चहा होईपर्यंत चालवत राहिले.

तुम्ही रूळ केलेत ते मी बाहेर जावं म्हणून. पप्पांनी ते घेतले ते मी आत राहावं म्हणून. दोघांचंही काम झालंय, आणि मी त्याच खोलीत आहे.

माझं एकच मागणं आहे. नऊ नोव्हेंबरला मला चाचणीला न्याल का? सकाळी आठच्या आत तिथं नोंदणी करायची आहे. पप्पा पाठवणार नाहीत. सायकल घेऊन मी एकटी कशी जाऊ? तुम्ही आणि मामी आलात तर मी फाट्यावर येऊन उभी राहीन.

अर्पिता

---

नवीन जालना
१९ सप्टेंबर २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाची खिडकी चार बोटं मोठी कापून बसलो.

दाजींना तुझा अभिमान असेल, दाखवायची रीत चुकली असेल, असं मी मामीला म्हणालो. मामी म्हणाली, "तुमच्या बहिणीचा नवरा हाय म्हणून तुम्ही झाकून राह्यले." असेल तसंही.

नऊ तारखेला मी येतो. राजानंदची गाडी मागून ठेवली आहे, सायकल मागे सहज बसेल. पहाटे पाचला फाट्यावर ये. दाजींना आधी सांगायचं नाही. तू निवडून ये, मग त्यांचे चार शब्द मी ऐकून घेईन. हा माझा शब्द. आक्का हसेल, हसू दे. गेटाचं आणि हे वेगळं.

पाय चालू ठेव.

कल्याणमामा

---

हिवरखेडी
२७ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस नमस्कार.

भाऊबीजेला तुम्ही आलात, ओवाळून घेतलंत आणि चहा न घेता निघालात. मी मागच्या खोलीत तुमची वाट बघत रुळांवर होते. म्हटलं, मामांना दाखवू किती सुधारलंय. एक हात सोडूनही चालवता येतं आता. घाम पुसून बाहेर आले तर तुमची गाडी वळणापर्यंत गेली होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, कामात असंल. आई त्या दिवशी खुशीत होती. चकल्या तळताना गुणगुणत होती.

पट्टा सैल पडला आहे. जोर लावला की घसरतो आणि पुढचं चाक मंदावतं. जमलं तर नवा करा, पण घाई नाही. आता उरलेत किती दिवस? चाचणी झाल्यावर लागणारही नाही.

कापूस वेचायला सुरुवात झाली. खोलीत अर्ध्यापर्यंत कापूस आला आहे, रुळांपुरती जागा आईनं राखून ठेवली आहे.

नऊ तारखेचं पक्कं ना?

अर्पिता

---

नवीन जालना
२ नोव्हेंबर २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

पत्र मिळालं. सणात कामं तुंबली होती म्हणून त्या दिवशी थांबलो नाही. पट्टा नवा करतो, या वेळी चांगल्या रबराचा, घसरणार नाही. नऊ तारीख लक्षात आहे. तब्येतीला जप, थंडी पडायला लागली आहे. मामी तुझी आठवण काढते.

कल्याणमामा

---

हिवरखेडी
९ नोव्हेंबर २०२५

मामा,

पप्पा काल कापूस घेऊन परतूरला जिनिंगवर गेले, मुक्कामाला. आईनं पहाटे उठून दशम्या केल्या, दोघांना पुरून उरतील इतक्या, आणि शेंगदाण्याची चटणी. ती फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आली आणि मग घरी कोणी नाही म्हणून परत गेली. जाताना म्हणाली, "मामाला म्हणावं, उपाशी गाडी चालवू नको."

मी सायकल धरून उभी होते. अंधार होता, उजाडलं, ऊन आलं. पहिली एसटी आली. कंडक्टर म्हणाला, "सायकल चढत न्हाई. आन् आठला तिथं पोचायचं म्हंजी आता इमानात बसून जा." मग तातेरावांचा टेम्पो जालन्याकडून येताना दिसला. मला वाटलं, राजानंदची गाडी मिळाली नसेल, तुम्ही याच्यात बसून आला असाल.

तातेराव एकटेच होते. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पट्टा दिला. "तुझ्या मामानं दिलाय," म्हणाले. मी विचारलं, अजून काही निरोप? म्हणाले, "निरोप न्हाई दिला. बराबर बसंल, एवढंच म्हणले."

पट्टा बरोबर बसतो.

अर्पिता

---

नवीन जालना
१५ नोव्हेंबर २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला सहा दिवस लागले, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. खरं तेच लिहितो.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी ताटात ओवाळणी टाकायला गेलो, तर आक्कानं ताट मागे घेतलं. म्हणाली, "पैशे नगं मला. अर्पीला तू नेणार न्हाईस, एवढी ओवाळणी दे." मोठ्यानं म्हणाली, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. माझी आक्का जन्मात कधी मोठ्यानं बोललेली नाही. मी म्हटलं, हिच्या जिवाला किती लागलं असेल. दाजींनी भाग पाडलं म्हणावं तर ते बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसले होते, त्यांनी मान वळवून बघितलंही नाही. तू आत होतीस, तुझ्या रुळांचा आवाज येत होता. मी ताटावर हात ठेवला आणि "दिली" म्हणालो.

तुला दिलेला शब्द आधीचा होता, हे मला कळतं. पण तो कागदावरचा होता आणि हा दिव्याच्या ताटावरचा. कल्याणचा शब्द कच्चा, असं घरात सगळेच म्हणतात. गेटावरून तूही म्हणालीस. मी ठरवलं की बहिणीनं ओवाळणीत मागितलेलं तरी मोडायचं नाही. नऊ तारखेला पहाटे गाडीची किल्ली माझ्या हातात होती. दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो, पण गेलो नाही. मामी त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही.

आईवर राग धरू नको. आईला लेकीची काळजी असते. तुझा राग माझ्यावरच राहू दे.

आक्काला सांग, गेट तयार झालं आहे. काल रात्री रंगही दिला. पुढच्या रविवारी बसवायला येतो. नक्की येतो.

तुझा
कल्याणमामा

---

हिवरखेडी
१९ नोव्हेंबर २०२५

कल्याण,

पत्र अर्पीच्या नावाचं होतं पण उत्तर मी देते आहे. ती देणार नाही. लिहायची सवय सुटली आहे, चुकलंमाकलं समजून घे.

तिनं ते पत्र मलाच वाचून दाखवलं. मी शेंगा फोडत होते. ओवाळणीच्या ओळीवर आली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. पुढचं मनातल्या मनात वाचलं, कागद सुपात ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन कापसावर पडून राहिली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला ये म्हटलं की येते, वाढ म्हटलं की वाढते. मी सांगायला गेले तर म्हणाली, "तू मागितलंस का न्हाई, एवढंच सांग." मी मागितलं होतं. खोटं कसं बोलू?

आता तू ऐक. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी हे मला म्हणाले, "तुझा भाऊ पोरीला गुपचूप घेऊन जाणार हाय, मला समदं दिसून राह्यलंय. उद्या ओवाळणीत त्याच्याकडून कबूल करून घे. मी ओट्यावर बसून ऐकणार. न्हाई मागितलंस तर सायकल बी भंगारात आन् रूळ बी." म्हणून मी मागितलं. मोठ्यानं मागितलं, कारण ओट्यापर्यंत ऐकू जायला पाहिजे होतं. ह्यांनी मान वळवली नाही म्हणतोस. ज्याला कान देऊन ऐकायचं असतं तो मान कशाला वळवील? आणि मी मोठ्यानं बोलले म्हणजे ते माझं बोलणं नाही, एवढं तुला कळू नये? एका आईच्या पोटचे आपण.

तू "दिली" म्हणालास तेव्हा मला रडू आलं नाही, उलट हायसं वाटलं. म्हटलं, कल्याणनं शब्द दिला, आता पोरीचं काम झालं. तू शब्द दिलास आणि पाळलास असं मी आजवर बघितलं नव्हतं. तो सायकलवाला चौकात आला होता, आपण सात दिवस बघितला म्हणून तू पोरीला लिहिलंस. आठव्या दिवसाचं नाही लिहिलंस. आठव्या दिवशी तो छातीवर ट्यूबलाइट फोडणार होता, "आक्का, तुला नेल्याबिगर जात न्हाई," म्हणालास, आणि मी वेणी घालेपर्यंत मित्रांबरोबर पळालास. बारावीच्या पेपरला सायकलवर सोडतो म्हणालास, मी चालत गेले. गेटाचं तर सगळ्या गावाला माहीत आहे. मला त्याचा कधी राग आला नाही. तुझा स्वभावच तसा, आणि त्याच स्वभावावर मी माझी पोरगी सोडली होती.

ह्यांना कापूस घेऊन परतूरला मीच पाठवलं. भाव उतरून राह्यलाय म्हणून तीन दिवस मागे लागले होते. दशम्या मी केल्या, त्यात दोन तुझ्या वाटणीच्या होत्या. ह्यांना काय उत्तर द्यायचं ते पण ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होते, माझा भाऊ खोटारडा निघाला, मी काय करू? ह्यांनाही ते पटलं असतं. तुला चिठ्ठी पाठवावी असं एकदा मनात आलं होतं. पण तातेरावच्या हातची चिठ्ठी ह्यांच्या हाती लागली असती तर सगळंच बुडालं असतं. आणि मला इतकी खात्री होती की चिठ्ठीची गरज वाटली नाही. दिवस वर आला आणि पोरगी सायकल ढकलत घरी आली, खांद्याला पट्टा अडकवून, तेव्हा मला कळलं.

अर्पी आता सायकल चालवत नाही. तुझा नवा पट्टा खुंटीला आहे. परतूरवाल्यांची पसंती आली. जानेवारी संपली की तारीख धरायची म्हणतात. रूळ आंदणात द्यायचं ठरलं आहे, सायकलसकट. त्यांच्या बाईनं स्वतः मागितले. ह्यांनी काल रुळांच्या चौकटीला निळा रंग देऊन घेतला आणि मला बोलावून दाखवला.

लग्नात मामानं मुलीला मांडवात आणायचं असतं आणि तिच्या मागे उभं राहायचं असतं. मी ते अर्पीजवळ काढलं. म्हणाली, "मामाला मागूनच धरता येतं."

रविवारी गेट बसवायला येतो, नक्की येतो, असं लिहिलं आहेस. तेवढा शब्द नेहमीसारखा मोड.

तुझी
आक्का